परशुराम गंगावणे: गुरांच्या गोठ्यात चित्रकथीचं घर उभं करणारे पिंगुळीचे कलाकार

दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी जाहीर होते. २०२१ च्या यादीत एकूण ११९ पुरस्कार होते: ७ पद्मविभूषण, १० पद्मभूषण आणि १०२ पद्मश्री. महाराष्ट्रातून पद्मश्री मिळालेल्यांमध्ये सिंधुताई सपकाळ, गिरीश प्रभुणे, नामदेव कांबळे आणि लिज्जत पापडच्या जसवंतीबेन पोपट यांच्यासोबत आणखी एक नाव होतं, परशुराम गंगावणे. क्षेत्र, कला. गाव, सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुडाळ तालुक्यातलं पिंगुळी.

कोरोनामुळे त्या वर्षीचा समारंभ लांबला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात पार पडला. त्या दिवसांतले अनवाणी, साध्या कपड्यांतल्या मानकऱ्यांचे फोटो अनेकांच्या फोनवर फिरले. फोटोखाली बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असे: 'लुप्त होत चाललेली कला जपणारा कलाकार'. ही कला कोणती, ती लुप्त का होत होती आणि ती जपली म्हणजे नेमकं काय केलं, हे मात्र त्या एका ओळीत मावत नाही.

थोडक्यात

- परशुराम गंगावणे हे पिंगुळीतल्या ठाकर आदिवासी समाजातले कलाकार आहेत.
- चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या या समाजाच्या प्रमुख कला आहेत.
- २००६ मध्ये त्यांनी घराजवळच्या गुरांच्या गोठ्यात 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय सुरू केलं.
- २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.
- चित्रकथीत चित्र, गाणं आणि सांगणं एकत्र असतं. त्यातलं फक्त चित्र उरलं तर कला उरत नाही, हा या सगळ्या कहाणीचा गाभा आहे.

पिंगुळी आणि ठाकर समाज

मुंबई-गोवा महामार्गाने कुडाळहून सावंतवाडीकडे निघालं की लगेच पिंगुळी लागतं. अनेकांना हे गाव संत राऊळ महाराजांच्या मठामुळे माहीत आहे. याच गावातल्या गुढीपूर भागात ठाकर समाजाची वस्ती आहे.

सह्याद्रीत, विशेषतः ठाणे, रायगड, नाशिक, पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात राहणारे ठाकर अनेकांच्या परिचयाचे असतात. पिंगुळीचे ठाकर वेगळ्या गोष्टीसाठी ओळखले जातात. कथा सांगणं, गाणं, वाजवणं, बाहुल्या नाचवणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. चित्रकथी आणि बाहुल्यांबरोबर राधानृत्य, फुगडी, गोंधळ, सजवलेला बैल घेऊन दारोदारी जाण्याचा पांगुळबैल असे अनेक प्रकार या समाजाने सांभाळले.

शिवकाळात गावोगाव फिरणाऱ्या या कलाकारांनी खबरा पोचवण्याचं काम केलं, असं समाजात सांगितलं जातं. ही तोंडी चालत आलेली आठवण आहे. सावंतवाडीच्या भोसले घराण्याने या कलांना आश्रय दिला, ही बाब मात्र समाजाच्या आठवणीत आणि अभ्यासकांच्या लिखाणातही ठळकपणे येते.

चित्रकथी म्हणजे नेमकं काय?

'चित्रकथी' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. चित्रं दाखवत कथा सांगणारा तो चित्रकथी, आणि त्या कलेलाही चित्रकथीच म्हणतात. महाराष्ट्रात या नावाची एक भटकी जमातही आहे. त्यामुळे एखाद्या लेखात हा शब्द आला तर तो माणसाबद्दल आहे, जमातीबद्दल की कलेबद्दल, हे संदर्भावरून पाहावं लागतं.

चित्रं दाखवून कथा सांगण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो. देशाच्या इतर भागांतही तिचे भाऊबंद आहेत. राजस्थानात कापडाचा लांबलचक फड उभा करून भोपे गातात. बंगालमध्ये पटुआ कागदाचा पट उलगडत जातात. तेलंगणात चेरियालचे पट आहेत. यातले बरेच पट सलग असतात, उलगडत जाणारे. पिंगुळीची चित्रं सुटी असतात आणि एकामागून एक दाखवली जातात. इथेच तिचं वेगळेपण आहे.

एक चित्र साधारण फूटभर उंच आणि त्याहून थोडं जास्त रुंद असतं. जुनी चित्रं हातकागदावर, नैसर्गिक रंगांत काढलेली आहेत. तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, तपकिरी आणि काळा हे त्यातले नेहमीचे रंग. माणसांची तोंडं बाजूने दिसतात, डोळे मोठे, नाक धारदार. मागे डोंगर, आकाश, घरं असा पसारा फारसा नसतो. राम आणि रावण, राजा आणि दूत, नवरा आणि बायको एकमेकांसमोर उभे केलेले असतात. युद्धाच्या चित्रात बाणांनी जागा भरून जाते.

अशा एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला 'पोथी' म्हणतात. एका पोथीत साधारण ३० ते ५० चित्रं असतात. रामायण आणि महाभारतातली उपाख्यानं, पुराणातल्या गोष्टी हे त्यांचे विषय. बभ्रुवाहनाची कथा किंवा अहिरावण-महिरावणाची कथा, अशी आख्यानं या परंपरेत लोकप्रिय आहेत.

पोथी 'वाचली' कशी जाते?

या पोथीत अक्षरं नसतात, तरी ती पोथीच. कारण ती तोंडाने वाचली जाते.

कथेकरी खाली बसतो. चित्र समोर फळीला टेकवून प्रेक्षकांकडे तोंड करून उभं केलं जातं. साथीला वीणा, टाळ आणि हुडूक हे छोटं चर्मवाद्य असतं. पहिलं चित्र गणपतीचं, त्यानंतर सरस्वतीचं. दोघांना वंदन झालं की आख्यान सुरू होतं. कथेकरी गातो, मग गद्यात सांगतो, पात्रांची बोलणी त्यांच्या आवाजात बोलतो. प्रसंग संपला की चित्र बदलतं.

दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. त्यामुळे एक प्रसंग संपला की तोच कागद उलटा केला, की पुढचा प्रसंग हजर. कथा थांबत नाही. हातकागदाचे दोन थर झाल्यामुळे चित्र ताठही राहतं.

चित्रात पार्श्वभूमी का नसते, याचं उत्तरही इथेच मिळतं. अरण्य किती घनदाट होतं, रात्र किती काळोखी होती, राजाला काय वाटलं हे सांगायचं काम आवाजाचं आहे. चित्राने फक्त 'कोण कोणासमोर उभं आहे' एवढं दाखवायचं. एकच चित्र कथेकऱ्याने पाच मिनिटं लावून सांगितलं तर वेगळं दिसतं आणि घाईने उलटलं तर वेगळं. भिंतीवर फ्रेममध्ये टांगलेलं चित्रकथीचं चित्र सुंदर दिसतं, पण ते गाण्याशिवायच्या नुसत्या शब्दांसारखं असतं.

बाहुल्यांची दोन कुळं

पिंगुळीत बाहुल्यांचेही दोन प्रकार आहेत.

पहिला कळसूत्री बाहुल्यांचा. या लाकडी बाहुल्या. कोकणात सहज मिळणारं पांगाऱ्याचं हलकं लाकूड त्यासाठी वापरतात. बाहुलीला रंगवून, कपडे-दागिने चढवून दोऱ्या बांधल्या जातात आणि पडद्यामागे उभा असलेला कलाकार त्या नाचवतो. मराठीत दुसऱ्याच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या माणसाला 'कळसूत्री बाहुली' म्हणतात, तो वाक्प्रचार याच खेळातून आलेला.

दुसरा प्रकार चामड्याच्या बाहुल्यांचा, म्हणजे सावल्यांच्या खेळाचा. कातडं पातळ करून त्यातून राम, सीता, हनुमान, रावण अशा आकृत्या कापायच्या, भोकं पाडून नक्षी काढायची, रंगवायच्या. पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावून या आकृत्या पडद्याला टेकवल्या की पुढे बसलेल्यांना रंगीत सावल्या दिसतात. आंध्र प्रदेश, कर्नाटक, केरळ, तमिळनाडू आणि ओडिशा यांच्याबरोबर महाराष्ट्रही सावलीच्या बाहुल्यांची परंपरा असलेल्या राज्यांत गणला जातो, आणि तो या पिंगुळीमुळे.

चित्रकथीतले मोठ्या डोळ्यांचे, बाजूने दिसणारे चेहरे आणि चामड्याच्या बाहुल्यांचे चेहरे यांत साम्य आहे. कर्नाटक-आंध्रातल्या चामडी बाहुल्यांशीही त्यांचं नातं अभ्यासकांनी दाखवलं आहे. चित्र आणि बाहुली इथे शेजारी शेजारी राहिली आणि एकमेकींकडून शिकली.

राजाश्रय गेला, मग प्रेक्षक गेला

जुनी व्यवस्था साधी होती. कोणत्या घराण्याने कोणत्या देवळात कथा सांगायची, हे ठरलेलं असे. नवरात्रासारख्या उत्सवात त्या घराण्याचे लोक आपली पोथी घेऊन त्या देवळात जात. गाव ऐकायला बसे आणि कलाकारांना धान्य, नारळ, पैसे देई. म्हणजे कलेला जागा होती, वेळ होती, प्रेक्षक होता आणि पोटापुरती मिळकतही होती.

१९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान विलीन झालं. पण कलेला खरा धक्का बसला तो पुढच्या दशकांत, प्रेक्षकाच्या सवयी बदलल्यावर. रेडिओ आला, सिनेमा आला, नंतर दूरदर्शन आलं. कोकणातली तरुण मुलं मुंबईला गेली. देवळाच्या उत्सवात दशावताराला गर्दी होत राहिली, कारण तिथे झगमगीत कपडे होते, रंगभूषा होती, जिवंत माणसांची लढाई होती. कंदिलाच्या उजेडात फूटभर चित्रापुढे बसून तासन्‌तास ऐकणारी पिढी कमी होत गेली.

त्यात भर पडली लाजेची. घरोघर फिरून कला दाखवायची आणि धान्य घ्यायचं, याकडे बाहेरचं जग भीक मागणं म्हणून पाहायला लागलं. शाळेत जाणाऱ्या मुलांना ते टोचणं साहजिक होतं. ज्या कामात पैसा नाही आणि मानही नाही, ते मुलांनी करावं असा आग्रह कोणते आईवडील धरणार?

पोथ्या मग बाहेर पडू लागल्या. काही विकल्या गेल्या, काही संग्रहालयांत पोचल्या. फाटलेलं, जीर्ण झालेलं चित्र घरात ठेवू नये, पाण्यात सोडावं, अशीही समजूत होती. कागद आधीच नाजूक, कोकणातला पाऊस चार महिन्यांचा, त्यात वाळवी. प्रत्येक हरवलेल्या पोथीबरोबर तिचं गाणंही जात होतं, कारण ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

याच काळात बाहेरच्या जगाला मात्र या चित्रांचं मोल कळू लागलं होतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात या शैलीची चित्रं आहेत. ती 'पैठण चित्रं' म्हणून ओळखली गेली. पिंगुळीच्या चित्रांशी त्यांचं जवळचं साम्य आहे. दिग्दर्शक मणी कौल यांनी १९७७ मध्ये 'चित्रकथी' नावाचा माहितीपट केला. जर्मन अभ्यासक व्हॅलेंटिना स्ताख-रोझेन यांनी पिंगुळीच्या चित्रांवर लिहिलं. देशी-परदेशी अभ्यासक पोथी बघायला येत होते आणि गावातली मुलं ती उघडायला तयार नव्हती, अशी ती विचित्र वेळ होती.

परशुराम गंगावणे यांनी काय केलं?

गंगावणे याच समाजात वाढले आणि घरातल्या जाणत्यांकडून या कला शिकले. सगळी परिस्थिती उलट असताना त्यांनी खेळ करणं सोडलं नाही. गावोगाव, शाळांमध्ये, महोत्सवांत ते चित्रकथी आणि बाहुल्यांचे कार्यक्रम करत राहिले.

त्यांच्या कामाचे चार भाग दिसतात.

पहिला, साठा वाचवणं. जुनी चित्रं, बाहुल्या, वाद्यं जमेल तेवढी जमवायची आणि टिकवायची. चित्र फाटलं म्हणजे संपलं, ही समजूत बाजूला ठेवून जुनं चित्र सांभाळायचं आणि त्यावरून नवं चित्र काढायचं.

दुसरा, जागा उभी करणं. २००६ मध्ये त्यांनी घराजवळच्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. नाव ठेवलं 'ठाकर आदिवासी कला आंगण'. या नावातला 'आंगण' हा शब्द महत्त्वाचा आहे. अंगणात माणसं बसतात, मुलं खेळतात, पाहुणे टेकतात. काचेच्या पेटीत वस्तू ठेवून 'हात लावू नये' अशी पाटी लावण्यापेक्षा हे वेगळं. इथे भिंतीवर चित्रं आहेत, बाहुल्या टांगलेल्या आहेत, वाद्यं आहेत आणि ती वाजवून दाखवणारी माणसंही आहेत. देवळातली जागा गेली होती, म्हणून कलेसाठी नवी जागा तयार करावी लागली.

तिसरा, पुढची पिढी. मुलांना आणि गावातल्या तरुणांना त्यांनी या कामात ओढलं. गंगावणे यांची मुलं आज संग्रहालय चालवतात, चित्रं काढतात, बाहुल्या नाचवतात, बाहेरगावी कार्यशाळा घेतात. लाज वाटायची ती गोष्ट ओळखीची झाली, हा बदल आकड्यांत मोजता येत नाही. पण परंपरा टिकते किंवा तुटते ती याच ठिकाणी.

चौथा, विषय वाढवणं. रामायण-महाभारताच्या आख्यानांबरोबर बाहुल्यांच्या खेळांतून आरोग्य, शिक्षण, स्वच्छता, पर्यावरण असे विषय आले. काहींना यात परंपरेला तडजोड दिसते. पण फिरता कलाकार नेहमीच समोरच्या गावाला कळेल, हसू येईल असं आपल्या पदरचं कथेत घालत आला आहे. ज्या खेळात नव्या गोष्टीला जागा नसते, तो खेळ आपोआप जुना होतो.

पिंगुळीत हे काम करणारे गंगावणे एकटे नाहीत. गणपत मसगे यांच्यासारख्या कलाकारांनी आणि इतर घराण्यांनीही बाहुल्या आणि चित्रकथी जिवंत ठेवल्या. सन्मानाची बातमी एका नावाची असते. त्यामुळे बाकीची नावं मागे पडू नयेत, एवढं भान ती वाचताना ठेवावं लागतं.

वारलीचं जमलं, मग चित्रकथीचं अवघड का?

महाराष्ट्रातल्या आदिवासी कलेचं सर्वांत गाजलेलं उदाहरण वारली चित्रांचं. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचं काम वारली समाजात बायका करत. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रं कागदावर आली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्यांना जगभर नेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज वारली आकृत्या साड्यांवर, कपांवर, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर दिसतात.

वारलीचं चित्र भिंतीवरून सुटून बाजारात येऊ शकलं, कारण ते पाहताक्षणी पोचतं. चित्रकथीचं तसं नाही. तिची पोथी म्हणजे अर्धाच ऐवज, उरलेला अर्धा कथेकऱ्याच्या गळ्यात असतो. चित्राची प्रत काढून विकता येते. गाणं, वाद्यं आणि सांगण्याची लकब शिकायला मात्र वर्षं लागतात, आणि ती कोणी विकत घेऊन भिंतीला टांगत नाही.

म्हणून बाजार वाढला की चित्रकथीपुढे एक नवा धोका उभा राहतो. सुटी चित्रं विकणं सोपं आणि पैसे देणारं, पूर्ण पोथी गाणं कष्टाचं आणि मागणी नसलेलं. अशा वेळी चित्रकार वाढतील आणि कथेकरी संपतील. चित्र, आवाज आणि माणूस एका जागी ठेवणारं 'कला आंगण' म्हणूनच महत्त्वाचं ठरतं.

पद्मश्रीने काय मिळतं आणि काय मिळत नाही?

पद्म पुरस्कारांची सुरुवात १९५४ मध्ये झाली. पुरस्कारात राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळतं. समारंभांत लावता येईल अशी पदकाची छोटी प्रतिकृतीही मिळते. रोख रक्कम मिळत नाही. पेन्शन मिळत नाही. रेल्वे किंवा विमानाच्या भाड्यात सवलत मिळत नाही.

पुरस्कार ही पदवीही नाही. बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. त्यामुळे नावाच्या आधी किंवा नंतर 'पद्मश्री' जोडणं नियमात बसत नाही. कौतुकाने छापलेल्या फलकांवर, पत्रिकांवर ते सर्रास दिसतं, पण ते चूक आहे.

मग मिळतं काय? दखल. जी कला भीक म्हणून हिणवली गेली, तिला देशाच्या राष्ट्रपतींच्या हातून मान मिळतो, तेव्हा समाजातल्या मुलांना आपल्या घरातल्या वस्तूकडे नव्याने पाहावंसं वाटतं. बाहेरची माणसं गावाचा पत्ता विचारत येतात. शाळा, महोत्सव, संस्था बोलावू लागतात. हा फायदा खरा आहे, पण तो कलाकाराने आणि समाजाने मिळवायचा असतो. सनद आपोआप काही आणत नाही.

पद्म पुरस्कार हे व्यक्तीचे असतात. क्वचित एखाद्या जोडीला मिळून एक दिला जातो. अख्ख्या गावाला, घराण्याला किंवा समाजाला पद्मश्री मिळत नाही. २०२१ च्याच यादीत कर्नाटकच्या मंजम्मा जोगती होत्या. जोगती नृत्य हीही एका समाजाने सांभाळलेली कला आणि तिथेही सन्मान एकीच्या नावावर आला. समूहाची कला आणि व्यक्तीचा पुरस्कार यांत ही तफावत राहणारच. ती भरून काढता येते ती मानकऱ्याच्या वागण्यातून. मिळालेला मान तो स्वतःच्या घरात ठेवतो की आपल्या माणसांसाठी वापरतो, हे पाहिलं जातं. गंगावणे यांनी पुरस्कार मिळण्याच्या पंधरा वर्षं आधीच आपला गोठा समाजाच्या कलेला दिला होता, ही गोष्ट म्हणूनच बोलकी आहे.

सन्मान करायचा तर काय करता येईल?

कलाकाराला शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देणं ही आपली रीत आहे. त्यात वावगं काही नाही. पण फिरत्या कलाकाराच्या घरात अशी स्मृतिचिन्हं साचत जातात आणि कार्यक्रमाचं मानधन मात्र 'प्रवासखर्चापुरतं' राहतं. चित्रकथीसाठी उपयोगी पडतील अशा काही साध्या गोष्टी आहेत.

- खेळ ठरवा, नुसता सत्कार नको. शाळा, मंडळं, सोसायट्या यांनी अर्ध्या तासाची झलक बघण्याऐवजी एक पूर्ण आख्यान ठरवावं आणि त्याचं मानधन आधी बोलून घ्यावं.
- चित्र घेताना कथा विचारा. हे चित्र कोणत्या आख्यानातलं, कोण कोणाशी बोलतंय, हे विकणाऱ्याला विचारलं की गाणाऱ्यालाही किंमत येते.
- फोटो टाकताना नाव लिहा. 'ट्रायबल आर्ट' किंवा 'वारलीसारखं काहीतरी' असं न लिहिता 'पिंगुळीची चित्रकथी' लिहावं, काढणाऱ्याचं आणि सांगणाऱ्याचंही नाव द्यावं.
- व्हिडिओ काढताना आवाज घ्या. चित्रांचे फोटो भरपूर आहेत. कथेकऱ्याचं सलग गायन त्यामानाने कमी. परवानगी घेऊन, वर पार्श्वसंगीत न चढवता ठेवलेलं रेकॉर्डिंग उद्या शिकणाऱ्याला उपयोगी पडतं.
- कोकणात जाताना वाट वाकडी करा. कुडाळ हे कोकण रेल्वेचं स्थानक आहे आणि पिंगुळी तिथून अगदी जवळ. जाण्याआधी विचारून गेलं तर खेळही पाहायला मिळू शकतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आपल्या गावातल्या कलाकाराचं नाव पद्म पुरस्कारासाठी कोणी सुचवू शकतं का?
हो. कोणताही नागरिक राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन शिफारस करू शकतो. स्वतःचं नावही पाठवता येतं. सोबत त्या व्यक्तीच्या कामाचं जास्तीत जास्त ८०० शब्दांत वर्णन द्यावं लागतं. दरवर्षीची मुदत पोर्टलवर जाहीर होते.

वयस्क लोककलाकारांना सरकारी मदत मिळते का?
पद्म पुरस्काराशी संबंध नसलेल्या वेगळ्या योजना आहेत. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मासिक मानधन योजना आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाचीही ज्येष्ठ कलाकारांसाठी आर्थिक साहाय्य योजना आहे. दोन्हींसाठी वयाची आणि उत्पन्नाची अट असते. अनेक लोककलाकारांकडे कार्यक्रमांचे दाखले, कात्रणं नसतात आणि अर्ज तिथेच अडतो. शिकलेल्या शेजाऱ्याने ती कागदपत्रं जमवून दिली तरी मोठं काम होतं.

चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या एकच का?
नाही. चित्रकथीत रंगवलेली चित्रं दाखवत कथा सांगतात. कळसूत्रीत दोऱ्यांनी लाकडी बाहुल्या नाचवतात. पिंगुळीत दोन्ही एकाच समाजाकडे आहेत, म्हणून गल्लत होते.

नव्या चित्रांना 'खरी' चित्रकथी म्हणायचं का?
पोथीतली चित्रं जीर्ण झाली की नवी काढावीच लागत. त्यामुळे नवं चित्र काढणं हा परंपरेचाच भाग आहे. चित्र नवं की जुनं, यापेक्षा त्या चित्रावर कथा सांगू शकणारं कोणी आहे की नाही, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पिंगुळीत आज त्याचं उत्तर 'आहे' असं देता येतं. त्यामागे गंगावणे यांच्यासारख्यांच्या आयुष्यभराच्या कष्टांचा वाटा मोठा आहे.